कामकरी आई आणि दुधाचे वेळापत्रक



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काही जण गालातल्या गालात हसले असतील. कामगार संघटनेचा माणूस महागाई भत्त्यावर बोलेल, बोनसवर बोलेल, फार तर ठेकेदारीवर बोलेल. अंगावरच्या दुधाशी याचा संबंध काय? संबंध असा, की हा प्रश्न मुळात वेळेचा आहे, आणि वेळेचा हिशेब हा आमचा आयुष्यभराचा धंदा आहे. पाळी किती वाजता सुरू होते, मधली सुट्टी फाटकापासून मोजायची की यंत्रापासून, पाच मिनिटे उशीर झाला तर अर्धा दिवस कापता येतो काय, या वादांत माझे केस पांढरे झाले. मी डॉक्टर नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात बसून, कायद्याची पुस्तके चाळून आणि दवाखान्यातील परिचारिका भगिनींना प्रश्न विचारून विचारून. तेव्हा आज जे सांगणार आहे ते त्याच पोतडीतले आहे.

आमच्या कचेरीत बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या भगिनी येतात. कोणी कारखान्यात आहे, कोणी दवाखान्यात, कोणी कापडाच्या दुकानात. कामावर रुजू होऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतात, आणि बोलता बोलता त्या सांगतात, “दूध आटलं, भाऊ.” घरच्यांनी त्याची कारणे केव्हाच ठरवून टाकलेली असतात. प्रकृतीच नाजूक, दृष्ट लागली, हिच्या आईलाही नव्हते. मग वरचे दूध सुरू होते, भुकटीचा डबा येतो, आणि महिन्याच्या पगारातला एक मोठा घास त्या डब्यात जातो. मी त्या भगिनीला एवढेच विचारतो, की बाई, सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत किती वेळा दूध काढले? उत्तर बहुधा एकच असते. एकदाही नाही. काढायचे असते हेच कोणी सांगितले नव्हते. आणि सांगितले असते तरी काढायचे कुठे व केव्हा, हा प्रश्न होताच. अशा वेळी मला स्पष्ट म्हणावेसे वाटते, की हे दूध आटलेले नाही, ते दिवसाच्या वेळापत्रकाने आटवलेले आहे.

हे समजण्यासाठी दूध बनते कसे ते थोडे पाहू. दूध म्हणजे रांजणातले पाणी नव्हे, की आज उपसले नाही तर उद्या दुप्पट मिळेल. त्याची रीत उलटी आहे. बाळ ओढते तेव्हा मेंदूला संदेश जातो आणि दोन द्रव्ये रक्तात सुटतात. प्रोलॅक्टिन हे द्रव्य दूध तयार करवते, आणि ऑक्सिटोसिन हे तयार दूध बाहेर ढकलते. स्तन रिकामा होतो तसा नवे दूध बनण्याचा वेग वाढतो. तो तुडुंब भरून राहिला की वेग मंदावतो. म्हणजे मागणी तसा पुरवठा. रोज दहा-दहा तास मागणीच नसेल तर शरीर समजते की बाळाला आता इतके दूध नको, आणि ते आपले उत्पादन कमी करते. यात त्या आईचा दोष नाही आणि दृष्टीचा तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. ही आपल्या शेतकरी माणसाला मी काय सांगावी! उपमा गोठ्यातली आहे, भगिनींनी राग मानू नये. गाईला वासरू दाखवल्याशिवाय ती पान्हावत नाही. परका माणूस धारेला बसला, कुत्रे भुंकले, कोणी काठी आपटली, तर ती पान्हा चोरते. कास भरलेली असते, पण धार सुटत नाही. माणसाच्या आईचेही तसेच आहे. भीती, लाज, घाई आणि दाराबाहेर मुकादमाची चाहूल या गोष्टींनी पान्हा अडतो. बाळाची आठवण, त्याचा फोटो, त्याच्या अंगाचा वास असलेले दुपटे, किंवा नुसते डोळे मिटून दोन मिनिटे शांत बसणे यांनी तो सुटतो. म्हणून दूध काढण्याच्या जागेला दार आणि आतून कडी पाहिजे असे आम्ही मालकाला सांगतो, तेव्हा तो शरीराच्या गरजेचा भाग असतो. पुष्कळ व्यवस्थापकांना ती चैन वाटते.

आता हिशेबाकडे वळू. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्यापूर्वी ती १२ आठवडे होती, आणि दोन मुले हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला आजही १२ च आहे. या २६ पैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीच्या आधी घेता येते. जिने ती घेतली तिच्या हाती मागून १८ आठवडे उरले, म्हणजे चार महिन्यांहून थोडे अधिक. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपले डॉक्टरही सांगतात, की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नको. मग चार महिने आणि सहा महिने यांच्यामध्ये जे पावणेदोन-दोन महिन्यांचे भगदाड पडले ते कशाने बुजवायचे? आमचे आजचे वेळापत्रक आहे ते या भगदाडासाठी. सहा महिन्यांनंतर पेज, खिमट, वरणभात सुरू होतो आणि ओझे हलके होते. पण अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे असेच जाणकारांचे सांगणे आहे.

एक ते सहा महिन्यांचे, केवळ आईच्या दुधावर असलेले बाळ दिवसरात्र मिळून साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते. कोणी थोडे कमी, कोणी थोडे अधिक. तासाला सुमारे ३० मिलिलिटर असा ढोबळ हिशेब धरला तर चालतो. समजा, एका भगिनीची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ५॥ आहे. ती ८। ला घर सोडते आणि ६। ला परत येते. दहा तास झाले. दहा तासांचे ३०० मिलिलिटर, म्हणजे शंभर-शंभरचे तीन घोट-प्रसंग घरी ठेवायला हवेत. आणि बाळ तीन वेळा पिणार म्हणून तिकडे आईनेही तीन वेळा काढायला हवे. तत्त्व एवढेच आहे: दर सुमारे तीन तासांनी, बाळ पिते तितक्या वेळा.

त्या भगिनीचा दिवस मी असा मांडून देतो. पहाटे साडेपाचला बाळाला पाजावे आणि त्यानंतर थोडे दूध काढून ठेवावे. पहाटे बहुतेकींना दूध जास्त असते. आठ वाजता, चपला घालण्यापूर्वी, पुन्हा अंगावर पाजावे. कामावर अकराला एकदा, दीडच्या जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि चारला एकदा दूध काढावे. सव्वासहाला घरी आल्यावर हातपाय धुऊन पहिले काम बाळाला घेण्याचे, चहा नंतर. रात्री बाळ मागेल तेव्हा पाजावे. रात्रीच्या पाजण्याला कंटाळू नये असे मी म्हणतो तेव्हा भगिनी माझ्याकडे जरा रागाने पाहतात, आणि तो राग योग्यच आहे, कारण रात्री उठणारा मी नसतो. पण दूध बनवणारे ते प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते, आणि दिवसाची तूट पुष्कळ अंशी रात्रीच भरून निघते. त्या रात्रीच्या मोबदल्यात सकाळची भांडी आणि पाण्याचे गुंड नवऱ्याने उचलावेत, एवढे तरी आपण पुरुषांनी करावे. सुट्टीच्या दिवशी पंप-वाटी सर्व बाजूला ठेवून बाळ आणि आई.

फिरती पाळी असेल तर घड्याळाचे आकडे बदलतील, पण दोन वेळांतले अंतर बदलू नये. चार तासांच्या पुढे गेले की छाती दगडासारखी होते, दुखते, आणि असे वारंवार झाले की पुरवठा उतरतो. एका वेळी पन्नास-साठच मिलिलिटर निघाले म्हणून रडू नये. तिन्ही वेळांची बेरीज पाहावी. पहिल्या दिवशी तर वाटीचा तळच ओला होईल. हातालाही सवय लागते, शरीरालाही. म्हणूनच रजा संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा काढण्याचा सराव करावा. रुजू होण्याच्या सकाळीच पहिल्यांदा काढून पाहणे म्हणजे संपाच्या दिवशी सभासद नोंदवायला निघण्यासारखे आहे.

काढायचे कशाने? बाजारात हाताने दाबायचे पंप आहेत, विजेवर आणि बॅटरीवर चालणारेही आहेत. ज्यांना परवडतो त्यांनी घ्यावा. दोन्ही बाजू एकदम काढणाऱ्या पंपाने वेळ वाचतो. मात्र दुधाला लागणारा प्रत्येक भाग दर वेळी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा लागतो, आणि एकीचा घरगुती पंप दुसरीने वापरू नये. परंतु पंप नाही म्हणून कोणाचे अडत नाही. हाताने दूध काढण्याला एक पैसाही पडत नाही आणि ती कला प्रसूतिगृहातील कोणतीही जाणती परिचारिका दहा मिनिटांत शिकवते. हात स्वच्छ धुवावेत. कोमट पाण्यात पिळलेले फडके क्षणभर लावावे, हलके चोळावे. अंगठा वर आणि दोन बोटे खाली, स्तनाग्रापासून इंच-दीड इंच मागे ठेवावीत. आधी छातीकडे मागे दाबावे, मग बोटे एकमेकांकडे आणावीत, सोडावे. दाबा, आणा, सोडा. बोटे कातडीवरून घसरू देऊ नयेत आणि स्तनाग्र ओढू नये. दुखले तर समजावे की रीत चुकते आहे. धार मंदावली की बोटांची जागा बदलावी, मग दुसरी बाजू घ्यावी. दोन्हींना मिळून पंधरा ते वीस मिनिटे लागतात. ही पंधरा-वीस मिनिटे लक्षात ठेवा, पुढे कायद्याशी भांडताना ती लागणार आहेत.

डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, मेथी, शतावरी यांविषयी मला नेहमी विचारतात. बाळंतिणीने चांगले खावे हे खरेच, आणि लाडू तर मलाही आवडतात. पण छाती रिकामी करण्याचे काम कोणताही लाडू करीत नाही.

आता आपल्या मुलखाची अडचण. दूध टिकवण्याचे जे नियम पुस्तकांत दिलेले असतात ते थंड देशांच्या खोल्यांत बसून लिहिलेले आहेत. काढलेले दूध खोलीत चार तास चांगले राहते असे त्यात असते. पण त्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, २५ अंशांपर्यंत. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली किती होत असेल ते तिथे काम करणाऱ्यालाच विचारा. तेव्हा उन्हाळ्यात हे चार तास विसरावेत आणि दूध काढल्याबरोबर थंडाव्यात ठेवावे. कामाच्या जागी फ्रीज असेल तर उत्तम. नसेल तर रुंद तोंडाचा थर्मास किंवा जाड डबा घ्यावा, त्यात गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या भराव्यात आणि मधोमध झाकणाच्या लहान स्टीलच्या डब्या ठेवाव्यात. बर्फ टिकून असेल तोवर असे दूध एक दिवसभर राहते, आणि आपल्याला तर संध्याकाळपर्यंतच न्यायचे आहे. माठाचा प्रश्न कोणीतरी विचारणारच. माठातले पाणी कोरड्या उन्हाळ्यात गार होते हे खरे, पण माठ म्हणजे फ्रीज नव्हे, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर तो गारही करीत नाही. तान्ह्याच्या दुधासाठी माठावर विसंबू नये.

घरी आल्यावर फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवावे, दारातल्या कप्प्यात नव्हे. तेथे चार दिवसांपर्यंत चालते. परंतु वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या घरी मी दोन दिवसांतच संपवा म्हणतो. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे, आणि स्वतंत्र दाराच्या गोठणकप्प्यात सहा महिन्यांपर्यंत राहते. डब्यावर तारीख लिहावी, जुने आधी वापरावे. गोठलेले एकदा विरघळले की फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांत वापरावे, पुन्हा गोठवू नये.

काढून ठेवलेल्या दुधावर साय वर येते आणि खाली निळसर पातळ पाणी दिसते. ते पाहून सासूबाई म्हणतात, दूध नासले. नासलेले नसते. डबी हलकेच फिरवली की एकजीव होते. तसेच ‘शिळे दूध बाळाला कसे द्यायचे’ ही शंका पुष्कळ घरांत अडते. त्या आजीबाईंना मी मुंबईची गोष्ट सांगतो. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी उघडली. आशिया खंडातली ती पहिली. दुसऱ्या आयांनी दिलेले दूध तेथे तपासतात, ६२॥ अंशांवर अर्धा तास तापवतात, गोठवून ठेवतात, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मूठभर जिवांना पाजतात. असल्या नाजूक जिवांना पेढीत साठवलेले दूध चालते, तर आपल्या धडधाकट नातवाला त्याच्या स्वतःच्या आईचे सकाळचे दूध का चालू नये? घरच्या घरी मात्र दूध उकळू नये. गरम पाण्याच्या भांड्यात डबी ठेवून कोमट करावी. बाळ कमी दिवसांचे किंवा आजारी असेल तर हे सर्व नियम अधिक कडक होतात; तेथे डॉक्टरांना विचारूनच चालावे.

पाजावे वाटी-चमच्याने. जुन्या घरांत बोंडले असते, पण त्याची चोच आतून घासता येत नाही. साधी वाटी बरी. बाटलीचे बूच तोंडात सहज गळते, त्याची गोडी लागली की काही बाळे अंगावर ओढायला कुरकुरतात, आणि बाटली नीट न धुतली तर जुलाब ठरलेले. बाटल्या आणि दुधाची भुकटी यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे ती उगाच नव्हे. आणखी एक सूचना आजीसाठी: आई येण्याच्या आधी तासाभरात बाळाचे पोट गच्च भरू नये. दिवसभर भरलेली आई धावत घरी यावी आणि बाळ झोपलेले असावे, यात दोघांचेही नुकसान होते. उष्टे राहिलेले दूध दोन तासांनंतर ठेवू नये.

एवढे घरचे झाले. पण त्या अकराच्या आणि चारच्या वेळा मिळणार कशा?

त्या वेळांना शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांच्या वतीने आपले ना. म. जोशी तेथे गेले होते. त्या परिषदेने प्रसूतीविषयी जो करार केला त्यात, अंगावर पाजणाऱ्या कामगार स्त्रीला कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मिळावा, असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. आपल्याकडे मात्र त्या काळी काय चालले होते? मुंबई सरकारने १९२१-२२ च्या सुमारास डॉक्टर बार्न्स या बाईंना गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी करायला सांगितले. त्यांना आढळले, की कामावर जाताना तान्ही लेकरे निजून राहावीत म्हणून गिरणीकामगार आया त्यांना सर्रास अफू देत होत्या. त्या आया दुष्ट होत्या काय? चाळीत सांभाळायला कोणी नाही, गिरणीत आणायची सोय नाही, पाजायला सुट्टी नाही. मालकाच्या वेळापत्रकात बाळाला जागा नव्हती म्हणून बाळालाच गुंगीत ठेवावे लागले.

जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले, ते पडले. मग मुंबईच्या कौन्सिलात आसवले यांनी विधेयक मांडले. १९२८ साली त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, की हा भार मोठ्या अंशी सरकारने उचलणे योग्य असले तरी स्त्रीला कामावर ठेवून फायदा घेणाऱ्या मालकानेही तो उचलला पाहिजे. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला आणि १९३० मध्ये मध्यप्रांताचा. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, हे तरुण मंडळींना ठाऊक नसेल. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांतल्या बायांना बाळंतपणाचा पहिला कायदेशीर पैसा त्या कायद्याने मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर आले आणि १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात ते दोन विराम आले: रोजच्या विश्रांतीखेरीज आणखी दोन, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला तेथे दिवसातून चार भेटी, असे ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले. त्या संहितांवर आम्हा संघटनावाल्यांचे म्हणणे निराळे आहे, ते आज काढत नाही. पण दोन विराम, पाळणाघर आणि चार भेटी सामाजिक सुरक्षा संहितेत शाबूत आहेत, हे प्रत्येक भगिनीने ध्यानात ठेवावे.

हिशेब पाहा. दोन विराम आणि एक जेवणाची सुट्टी, म्हणजे तीन वेळा. आठ तासांच्या पाळीत शरीर मागते तेही तीनच वेळा. कायदा करणाऱ्यांचे गणित येथपर्यंत बरोबर जुळले. गाडी अडते ती मिनिटांवर. जुन्या नियमांत विराम पंधरा मिनिटांचा असे. यंत्रापासून जागेपर्यंत चालणे, हात धुणे, पान्हा सुटेपर्यंतचा वेळ, दोन्ही बाजूंचे वीस मिनिटे, डबी बंद करणे. हे पंधरा मिनिटांत बसत नाही. १९१९ चा अर्धा तास हाच खरा हिशेब होता, आणि तो आपण अजून गाठलेला नाही.

दुसरा वाद शब्दाचा. कायद्यात ‘मुलाला पाजण्यासाठी’ असे आहे. जिल्ह्यातल्या एका कारखान्यात व्यवस्थापकाने मला तोंडावर ऐकवले, “मूल घरी आहे, मग विराम कशाचा?” मी म्हणालो, साहेब, तुम्ही पाळणाघर काढा, मूल उद्या आणतो. पाळणाघर नाही, मूल आणू देत नाही, आणि मूल नाही म्हणून विराम नाही, हे कोणते शास्त्र? आमचे म्हणणे असे, की मुलासाठी दूध काढणे हे मुलाला पाजणेच आहे, फक्त ते पोटात तीन तासांनी पोचते. त्या कारखान्यातल्या बाया दूध काढायच्या ते संडासात, उभ्याने, आणि ओतून टाकायच्या. मी त्यांना विचारले, साहेब, तुम्ही तुमची भाकरी तिथे बसून खाल काय? शेवटी स्टोअरच्या मागची एक खोली मिळाली. दार, आतून कडी, खुर्ची, नळ, विजेचा एक खटका, आणि कँटीनच्या फ्रीजमध्ये एक कप्पा. याला फार खर्च आला असे मला वाटत नाही. नगावर मजुरी असलेल्या बायांचा विराम मात्र अजून त्यांच्याच खिशातून जातो. त्या वेळेची सरासरी मजुरी धरावी, ही मागणी आमची चालू आहे.

रायगडच्या हिरकणीची दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतो. सांज झाली, गडाचे दरवाजे लागले, घरी तान्हे बाळ, आणि ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. तिच्या नावाने बुरूज आहे. आता एस.टी.च्या स्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी ‘हिरकणी कक्ष’ही आहेत. नाव गोड आहे, पण कक्षाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे हे विचारत कडेवर लेकरू घेऊन फिरणारी आई मी पाहिली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपले अडीच महिन्यांचे बाळ घेऊन आल्या, तेव्हा विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्या कक्षातल्या धुळीची तक्रारही त्यांनाच करावी लागली. आमदाराची ही गत, तर दुकानात उभ्याने आठ तास काढणाऱ्या पोरीची काय असेल? आपण सगळे हिरकणीच्या धाडसाला टाळ्या वाजवतो. मला मात्र लहानपणापासून प्रश्न पडतो, की पहारेकऱ्याने दरवाजा का उघडला नाही?

या सभागृहात दुकानदार आहेत, शाळाचालक आहेत, दवाखाने चालवणारे आहेत. आपल्याकडे पन्नास माणसे नसतील, म्हणून पाळणाघराचे कलम लागू होत नसेल. पण एक पडदा, एक खुर्ची आणि दिवसातून दोनदा अर्धा तास यांसाठी निरीक्षकाची वाट पाहायची गरज नाही. आणि ज्यांना कोणतेच कलम लागत नाही, त्या कापूस वेचणाऱ्या, निंदण-खुरपण करणाऱ्या, गारा कालवणाऱ्या बायांना मी पंपाचे वेळापत्रक सांगत नाही. त्यांना ते निरुपयोगी आहे. तेथे बर्फ कुठला? त्यांच्या बाबतीत बाळालाच आईजवळ आणणे हा उपाय. लिंबाच्या सावलीत लुगड्याची झोळी त्या आजही बांधतात. शेतमालकाने एवढे करावे, की झोळीजवळ पोचायला मुकादमाची परवानगी लागू नये, आणि वेचलेल्या कापसाच्या वजनावर मजुरी असली तरी तेवढा वेळ धरून काही दर ठरावा. खरे पाहता हाच उपाय सर्वांना उत्तम आहे. दूध काढून ठेवणे हा दुय्यम मार्ग, बाळ जवळ असणे हा पहिला. जेथे पाळणाघर मिळण्यासारखे आहे तेथे संघटनेने आधी त्यासाठी भांडावे.

शेवटी, हे वेळापत्रक आवरायचे कसे ते सांगतो, कारण सुरू करण्याइतकेच थांबवणेही बेताने करावे लागते. सहा महिन्यांनंतर बाळ वरचे अन्न घेऊ लागले की काही आठवड्यांनी चारची वेळ सोडता येते. ती सोडताना एकदम सोडू नये; आधी तिची मिनिटे कमी करावीत, छाती ताठत नाही असे पाहावे, आणि चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. मग अकराची आणि दीडची वेळ जवळ आणून त्यांची एकच करावी. वर्षाच्या सुमारास पुष्कळ बाळे दिवसा अन्नावर आणि सकाळ-रात्री आईवर राहतात. तेव्हा कामावरची उरलेली वेळही हळूहळू गळते. मधेच गाठ आली, जागा लाल होऊन ताप भरला, तर दूध काढणे थांबवू नये, त्या बाजूने बाळाला पाजत राहावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्या दिवसाची रजा आजारपणाची म्हणून मागावी; अर्ज कसा लिहायचा ते आमच्या कचेरीत कोणीही सांगेल.